धुळ्याचं मळकट ऊन

धुळे, ५ मार्च १९८४

ती. अक्कास भाईदासचा शि. सा. न. वि. वि.

फिल्मचे चार रोल आजच्या जळगाव गाडीच्या कंडक्टरकडे दिलेत, उतरवून घे. नेहमीसारखे तूच धू.

नव्या कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं मीटर पार बिघडलंय. दिवाळीत घेतला तेव्हा दुपारच्या उन्हात पांढऱ्या भिंतीवर काटा सोळा दाखवायचा अन् माझा डोळाही सोळाच म्हणायचा. संक्रांतीला डोळा म्हणाला अकरा. आता तर आठवर, म्हणजे भिंगाचं तोंड चौपट उघडावं लागतं, आणि हा मठ्ठ काटा सोळावरच बसून! यंदा ऊनच मळकट पडतंय, ते यंत्राला काय कळणार? मी तीस वर्षं नुसत्या डोळ्यावर फोटो काढलेत. कारागिराकडून काटा माझ्या डोळ्याशी जुळवून घेतो. द्रौपदाच्या लग्नाचे फोटो मामाच काढणार, काळजी नसावी.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ तरी उन्हासारखा उतरू देऊ नकोस.

तुझा, भाईदास

जळगाव, १० मार्च

चि. भाईदास यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

रोल धुतले. अरे वेड्या, धुळ्याचं ऊन मळकट आणि जळगावचं लखलखीत, असं असतं का कुठे? सूर्य काय तालुका बघून उगवतो? इथे पापड तासाभरात वाळतायत.

तुझ्या दिवाळीच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढायला मला दहा सेकंद लागत होते. संक्रांतीच्या वीस. या वेळी चाळीस, इतक्या काळ्या आल्यात. म्हणजे उजेड कमी नव्हता, तूच जास्त घेतलास. काटा चार महिने एका शब्दावर आहे रे, बदलतोय तो तुझा डोळा. रागावू नकोस. भिंतीसमोर उभा राहून एकदा डावा डोळा झाक, एकदा उजवा, आणि काय शे, कसं दिसतं ते खरं लिही. आपल्या नानांनाही कंदील मंद वाटायचा आणि आपण वात वर करत बसलो. शेवटी त्यांना आपली तोंडं दिसेनात. तुझं तसं मी होऊ देणार नाही. कॅमेरा कारागिराकडे नको, तूच डॉक्टरकडे जा.

लिलाबाईला आशीर्वाद. उत्तर लवकर टाक.

अक्का

धुळे, १८ मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

तुझ्या पत्राचा फार राग आला. दोन दिवस ते फडताळात कोंबून ठेवलं. शेवटी लिलानेच धरून भिंतीसमोर उभं केलं. डाव्या डोळ्याला भिंत पांढरी दिसली. उजव्याला, ज्याने जन्मभर कॅमेऱ्यातून पाहिलं त्याला, चहा सांडल्यासारखी. घाबरलो गं अक्का.

डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकलाय, लगेच काढू, मग दीड-दोन महिने डोळ्याला ताण नको. पण लग्न ११ मेला! म्हणून ऑपरेशन जूनवर ढकललंय. तोवर काट्याचं ऐकीन, शपथ.

तुझा हट्टी भाऊ, भाईदास

जळगाव, २२ मार्च

चि. भाईदास यास आशीर्वाद.

नानाही म्हणाले होते, सुगी होऊ दे, मग बघू. जून-बीन काही नाही, याच महिन्यात काढायचा. मी सोबतीला येते. परतताना कॅमेरा घेऊन जाईन, लग्नाचे फोटो मी काढीन. हसू नकोस! वीस वर्षं तुझ्या चुका अंधाऱ्या खोलीत निस्तरल्यात, उजेडात काट्याचं ऐकणं काय अवघड? तू मामा आहेस, भाचीच्या मागे उभा राहा.

सोमवारच्या गाडीने निघते.

अक्का

धुळे, ३ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

प्रिंट मिळाले, नव्या चष्म्यातून निवांत पाहिले. सात फोटोंत कुणाचं ना कुणाचं डोकं छाटलंयस, भाऊजींचं तर तीनदा! पण उजेड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. मला तो कधी इतका साधला नाही. आज दुपारी भिंतीकडे पाहिलं. डोळा सोळा म्हणाला. काट्याची मनातल्या मनात माफी मागितली.

अंतरपाटाच्या फोटोत द्रौपदाच्या मागे काळा चष्मा लावून ढसाढसा रडणारा माणूस कोण, हे मला आधी ओळखू येईना. तीस वर्षं घरातलं प्रत्येक लग्न मी काढलं, पण एकाही फोटोत मी नाही. हा पहिलाच. याची मोठी प्रत पाठव, दुकानात समोरच लावतो.

माया अशीच असू दे.

तुझा, फोटोत आलेला भाऊ,
भाईदास