काट्याचा पाना

नाना, तुमचा काट्याचा पाना अजून माझ्याकडे आहे. त्याच लाकडी पेटीत, त्याच हिरव्या फलालीच्या कापडात गुंडाळलेला. परवा माळा आवरताना नातवानं पेटी उघडली आणि विचारलं, "आजी, हा वजनकाटा कशाचा?" मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांच्या हाताचा." त्याला काही कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. पण पाना हातात घेतला आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले. तुम्ही असता तर पहिलं वाक्य वाचूनच विचारलं असतंत, तेलाचा हात देतेस की नाही त्याला? देते. वर्षातून एकदा.

तुमच्या हाताची कीर्ती आपल्या कल्याणच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होती. ठाण्याच्या कचेरीत दिवसभर टाक धरणारा माणूस, पण घरी आलात की काहीतरी पिळल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसे. तुम्ही बंद केलेला नळ आम्हाला उघडत नसे. तुम्ही लावलेलं खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण काढायला आई शेजारच्या पैलवान भाडेकरूला हाक मारायची, आणि तोही एकदा हरला होता. स्टोव्हच्या चावीचे तर तुम्ही दोनदा आटे घालवलेत. आई म्हणायची, "अहो, बसलंय ना घट्ट? मग आता सोडा." आणि तुम्ही आणखी एक वळसा देऊन म्हणायचात, "वरची मूठ."

हा शब्द तुम्ही बाजारातून आणला होता. खाडीपलीकडच्या गावांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायका माप भरून झालं की वर एक मूठ टाकायच्या. कुणी मागायची वाट बघत नसत. नुसतं मापाइतकं देणं म्हणजे हात आखडता घेणं, असं त्या मानत आणि तुम्हीही मानत होता. पाहुण्याला वाढताना, भिकाऱ्याला देताना, मला शाबासकी देताना तुमची वरची मूठ ठरलेली. तीच तुम्ही नटबोल्टांनाही देत होता, एवढीच गडबड होती.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी आईला नोकरी लागली. शिळ रस्त्यानं जाऊन आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात नवीन शाळा निघाली होती, तिथं गणित शिकवायला. लग्नाआधी शिकलेलं गणित तिनं इतकी वर्षं वाण्याच्या हिशेबावर जिवंत ठेवलं होतं. नेमणुकीचं कळलं तेव्हा ती खिडकीत जाऊन उभी राहिली, आणि तुम्ही मला खुणेनं गप्प बसवलंत. गावाला रेल्वे नव्हती, आणि सकाळची एस.टी. शाळा भरून गेल्यावर पोचायची. म्हणून तुम्ही स्कूटर घेतलीत. तीही कुणा पारशी गृहस्थाची, वापरलेली, इटलीत बनलेली. आईला शाळेत सोडून कल्याणला परत यायचं, गाडी स्टेशनाबाहेर लावायची आणि मग ठाण्याची लोकल पकडायची, असा तुमचा बेत. आई दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, पदर कमरेला खोचून, मांडीवर वह्या धरून मागे बसायची, आणि चाळीतले सगळेजण दात घासायचे थांबून बघायचे. मला तुमच्या दोघांचा इतका अभिमान वाटायचा, आणि तितकीच लाजही.

दर रविवारी तुम्ही गाडीवर पाना चालवायचात. चाकाचे नट तर हौसेनं. नट बसला की वर एक वळसा. त्याचं फळ दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळालं. शिळ रस्त्यावर मागचं चाक डुलायला लागलं. तुम्ही गाडी थांबवून बघता तर चाकाचा एक बोल्ट मुळातून तुटून पडलेला, आणि दुसरा ताणून बारीक झालेला. पिळून पिळून तुम्हीच त्यांचा जीव काढला होतात. आई खाली उतरली, वह्या उचलल्या आणि चालायला लागली. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन समोरून येणाऱ्या ओळखीच्या बाईनं तिला विचारलं, "मास्तरीन बाय, चालत निंगाल्याव? गारीला काय झाला गो?" आई म्हणाली, "गाडीला काही नाही झालं. आमच्या माणसाला झालंय." हे तुम्हीच नंतर हसत हसत सांगायचात. त्या दिवशी मात्र तुम्हाला हसू आलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं भाकरी थापता थापता, तुमच्याकडे न बघता सांगितलं, "गावात एक खोली मिळतेय. मी सोमवारी जाईन, शनिवारी येईन." तुम्ही म्हणालात, "अगं, नवे बोल्ट टाकतो की. आणखी पक्के आवळतो." ती म्हणाली, "तेच नकोय मला. तुमच्या हाताची भीती वाटते आता. नोकरी मी सोडणार नाही, आणि तुमच्या गाडीवर बसणार नाही." नाना, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. सोमवार ते शनिवार आई नसलेलं घर कसं असेल, ते मला तिथंच दिसलं. तुम्हालाही दिसलं असणार. तुम्ही न जेवता उठलात आणि गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काढून बसलात.

त्या पुस्तिकेत तुम्हाला शोध लागला की प्रत्येक नटाला किती जोर द्यायचा याचं माप असतं, आणि ते मोजणारा पाना मिळतो. रविवारी आपण दोघं मुंबईला नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात गेलो. दुकानदार गुजराती होता. त्यानं आधी हातभर लांबीचा पाना पुढे केला. तुम्ही त्याची पट्टी बघितलीत आणि म्हणालात, "शेठ, हा लॉरीचा. माझा नट याच्या पहिल्या आकड्यालाच संपेल. मला असा द्या, की माझं माप पट्टीच्या मध्यावर येईल." मग त्यानं एक नवीन तऱ्हेचा दाखवला. माप आधी लावून ठेवायचं, तेवढा जोर भरला की आतून टक् असा आवाज होतो. "साहेब, हेच घ्या, बघायला नको, कान दिला की झालं," तो म्हणाला. मला तो फार आवडला. पण तुम्ही तिसरा उचललात. साधी पोलादी दांडी, बाजूनं बारीक काटा, मुठीपाशी आकड्यांची पट्टी. ओढलं की दांडी किंचित वाकते आणि काटा सरकतो. मी कुजबुजले, "नाना, तो आवाजाचा घ्या ना." तुम्ही म्हणालात, "आवाज काय, कसलाही होतो. काटा दिसतो. आणि तुझ्या आईला दिसायला हवं."

पुढचा सोहळा मला आजही काल घडल्यासारखा आठवतो. नवे बोल्ट बसवलेत. पुस्तिकेतलं माप मीटर-किलोचं, पान्यावरचं फूट-पौंडाचं. तुम्ही आकडा वाचून दाखवलात आणि आईनं पीठ मळता मळता हिशेब तोंडी करून दिला. त्या आकड्यावर तुम्ही लाल रंगाची बारीक खूण केलीत. मग आईला ओट्यापासून बोलावून अंगणात आणलंत. आटे फडक्यानं कोरडे पुसलेत, कारण तेल असलं की काटा खोटं बोलतो. नट आधी हातानं बसवलेत, मग एक झाला की त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे सगळे आवळत आणलेत, म्हणजे चाक एका अंगाला ओढलं जात नाही. शेवटी काट्याचा पाना. हिसका नाही, एका लयीत ओढायचं, आणि नजर काट्याच्या बरोबर वरून. काटा सरकत सरकत खुणेवर आला. तुमचा दंड फुगलेला होता. वरची मूठ तिथं आलीच होती, मला दिसत होती. आई तुमच्या शेजारी उकिडवी बसून बघत होती. आणि तुम्ही थांबलात. आई म्हणाली, "बरोबर." प्रत्येक नटाला तेच. तुम्ही थांबायचं आणि तिनं बरोबर म्हणायचं. सोमवारी ती वह्या घेऊन खाली उतरली आणि मागे बसली. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ती नोकरी होती तोवर हे दर रविवारी चाललं. तुमच्या झाकणांचा आणि नळांचा स्वभाव सुधारला नाही, पण चाकाला तुम्ही कधी मापापेक्षा जास्त दिलं नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी आणि आई हीच पेटी पुसत होतो. मी म्हटलं, "तू कशी गं डोळ्यांत तेल घालून काटा बघायचीस." ती हसायला लागली. म्हणाली, "काटा कुठला दिसतोय मला? चाळिशी लागली होती तेव्हाच. हाताशी धरलेलं सगळं धुरकट. नव्या नोकरीत डोळे अधू म्हटलं तर ठेवतील की नाही या धास्तीनं घरीसुद्धा बोलले नव्हते. चष्मा केला तो पुढे दोन वर्षांनी." मी विचारलं, "मग बरोबर कशावरून म्हणायचीस?" ती म्हणाली, "यांच्या हातावरून. जन्मात कधी थांबला नव्हता तो हात. माझ्यासाठी थांबतो की नाही, तेवढंच बघायचे. थांबला की म्हणायचे, बरोबर." मग पेटी मिटून म्हणाली, "त्यांना कळता कामा नये हं. केवढ्या हौसेनं काट्याचा आणला होता." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली होती, तरी मी हो म्हटलं.

आता तीही नाही. दिलेला शब्द आज मोडला, म्हणून हे कागद कुणाला दाखवणार नाही. पेटीत पान्याच्या खालीच ठेवते आहे. आणि खरं सांगू, नाना? पेटीच्या झाकणाचा स्क्रू मघाशी लावून बघितला. नीट बसला होता. तरी मी वर एक वळसा दिलाच.