साच्यावरची चीर

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. अक्षर बघून ओळखलंच असशील. अजूनही लिहिताना ओल्या शाईवरून हात फिरतो आणि अर्धी ओळ फासली जाते. तू मला डावरी म्हणून चिडवायचास, त्यात काडीची सुधारणा नाही.

बाबा जाऊन आज सोळा दिवस झाले. तुला कळवलं होतं, तू आला नाहीस. राग नाही. आई मात्र रोज विचारते, "त्याचं काही आलं का?" गुडघा दुखतो म्हणते आणि दहादा दाराशी जाऊन येते. तू घरी यावंस म्हणून हे पत्र. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्याच्यानं लिहवत नाही.

कारखाना चालू आहे. मशीन तेच. शीट तापून झोळीसारखी लोंबली की साचा वर चढवायचा, पंपानं हवा ओढली की प्लास्टिक साच्याला घट्ट बसतं. तुला हे काय सांगायचं म्हणा, पण दुसरं काही सुचत नाही. साच्यावर असेल ते सगळं उठतं. एकदा आईचा केस राहिला होता, तर अख्ख्या गठ्ठ्यावर केस उठला.

दातांच्या डॉक्टरांचे ट्रे अजून त्याच लाकडी साच्यावर काढतो. ज्यावरून तुझं नि बाबांचं बिनसलं, तोच. बाबा त्यातली चीर दर महिन्याला भरायचे. आठ दिवस ठीक, मग उष्णतेनं भरण सुटायचं आणि ट्रेच्या कोपऱ्यात पुन्हा ती रेघ. गिऱ्हाइकाला दिसतसुद्धा नाही. माझा अंगठा मात्र कडा कापताना रोज तिच्यावरून जातो. मागच्या वर्षी दाढ काढायला गेले, तर डॉक्टरांनी शेजारी आपलाच ट्रे ठेवला. चिमटे, कापूस आणि कोपऱ्यात ती रेघ. मी ताडकन उठून बसले.

"अहो, अजून हात कुठे लावलाय," डॉक्टर म्हणाले. मी हसले. घरी येऊन जेवले नाही.

सांगते आता.

चीर पडली त्या दुपारी बाबा शीट आणायला गेले होते. तू मागे पंपाचा पाइप बघत होतास. माल संध्याकाळी जायचा होता. ट्रे उतरवून फळीवरच कापायचा, साच्यावर सुरी न्यायची नाही, हे बाबांनी आपल्याला शाळेत असल्यापासून बजावलेलं. मला वाटलं, एका ट्रेनं काय होतंय. सुरी कोपऱ्याशी निसटली आणि प्लास्टिक फाडून लाकडात बोटभर ओढत गेली.

बाबा आले तेव्हा मशीनपाशी तू होतास. तुलाच विचारलं. तू म्हणालास, "मी नाही." ते म्हणाले, "वर खोटंही बोलतोस?" तू माझ्याकडे बघितलंस. मी ट्रे रचत राहिले. तू माझं नाव घेतलं नाहीस, दादा. घेतलं असतंस तर आज घरात असतास.

शेवटच्या आठवड्यात बाबांनी अंथरुणात ट्रे मागितला. अंगठा फिरवत म्हणाले, "ही ओढ डाव्या हाताची आहे."

"कधी कळलं?"

"तो गेल्यावर. चीर भरायला बसलो तेव्हा."

"मग त्याला बोलावलं का नाही?"

"कोणत्या तोंडानं बोलावू?" मग ट्रे माझ्याकडे देत म्हणाले, "आणि तू सांगशील, म्हणून थांबलो होतो."

अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसून डबा खाल्ला. लोणचं हवं का, एवढं विचारायचे. आता मशीनपाशी उभी राहिले की वाटतं, मागे कुणीतरी थांबलंय, माझ्या बोलण्याची वाट बघतंय. मी वळून बघत नाही. भरणाचा डबा त्यांनी उघडा ठेवला होता, तो मी झाकण लावून ठेवते आणि सकाळी पुन्हा उघडून बघते. मला भीती वाटते रे.

काल आईला सगळं सांगितलं. ती उठून दाराशी गेली.

सोबत एक ट्रे पाठवते आहे. कोपऱ्यात अंगठा फिरवून बघ. तू आलास तर मी समोर येईन किंवा येणार नाही, तू म्हणशील तसं. आईसाठी ये.

सुरी माझ्या हातात होती.

तुझी,
डावरी