उकडलेले गहू

मंगळवार, संध्याकाळ

चहा समोर गार झाला. उकडलेले गहू डोक्यातून जात नाहीत.

सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत रेशन बंद पडलंय. आमच्या करोंदच्या चर्चमधल्या बाया रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो तिकडे जातो. मी फादरना हसून म्हणालो होतो, "मुट्ठी से कहीं कैंप का पेट भरता है?" आणि वीस पोती गहू पाठवले. शरबती, मंडीतल्या माझ्या दुकानातला एक नंबर.

आज मी समोर असताना फादरना छावणीतून फोन आला. ते लांब जाऊन बोलले, पण लिलावातली कुजबुज ऐकून मोठा झालेला माणूस मी. "चक्की नहीं है? उबालकर खा रहे हैं? बच्चों का पेट कैसा है अब?" परत आले ते हसतच. "सेठजी, माल पहुँच गया. प्रभु आपका भला करे." एक शब्द तक्रारीचा नाही. तेच जास्त टोचतंय.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "ते काय खातात, विचारलंत का हो?"

नाही विचारलं. दुकानात गिऱ्हाईकाला माझा पहिला प्रश्न हाच असतो. मग इथेच का सुचला नाही? फुकट द्यायचं होतं म्हणून? उकडलेले गहू, आणि तेही पोरांना...

आत्ताच फादरना फोन केला. ऐकल्याचं कबूल केलं आणि विचारलं, "चावल कौनसा खाते हैं, मोटा या बारीक?"

ते म्हणाले, "मोटा, सेठजी. और थोड़ा जल्दी."