सावळारामाचा दुसरा नारळ

भोर, ७ फेब्रुवारी १९३८

प्रिय मधू,

दोन दिवाळ्या तू सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरकी करतच काढल्यास आणि मीही बोलावलं नाही. हट्टात बाप तसा बेटा! आज मात्र जीव हलका झालाय, म्हणून लिहायला बसलो.

वेल्ह्याकडचा सावळाराम आठवतो ना? मुंबईच्या गिरणीतून गरमीचा रोग, तुमच्या भाषेत सिफिलिस, घेऊन आलेला. माझ्या उपळसरीच्या काढ्यानं तीन आठवड्यांत त्याची जखम बुजली, आणि गडी नारळ घेऊन पाया पडायला हजर. देवघरात रचलेले असले नारळ मी तुला पुरावा म्हणून दाखवले. तू विचारलंस, जे नारळ घेऊन आलेच नाहीत त्यांचं काय झालं, नाना? वर म्हणालास, ही जखम औषधाविनाही बुजते, रोग रक्तात राहतो. तीस वर्षांची माझी वैद्यकी, आणि पोटचं पोर मला शिकवतंय! मी तुला भरल्या ताटावरून उठवलं. चुकलंच माझं.

गेल्या उन्हाळ्यात सावळाराम बायकोला घेऊन आला. फुलाबाईची दोन बाळं मेलेलीच जन्मली होती, पुन्हा दिवस राहिले होते. या खेपेला पोर जगलं पाहिजे, काढा द्या, म्हणाला. मी उपळसरीचा डबा उघडला आणि तुझा प्रश्न आडवा आला. डबा झाकला आणि गरमीच्या जुन्या रोग्यांची घरं शोधत निघालो. नारळ न आणलेला चिमाजी अंथरुणाला खिळलेला. आणि वाजतगाजत नारळ आणणारा कोंडिबा आंधळा! तुमच्या हाताला लई गुण हाय, म्हणत तो माझेच हात चाचपत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

तुला न कळवता सावळाराम आणि फुलाबाई दोघांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दोघांच्याही रक्तात दोष निघाला. मग दर आठवड्याला सुई. सावळाराम मधेच कंटाळला, तेव्हा त्याला असा झापला की बास! नसरापूरला मोटारीत बसवून द्यायला मी स्वतः जायचो.

हुश्श! मुलगी झाली, मधू, जिवंत आणि धडधाकट. डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासलं, स्वच्छ आहे. काल सावळाराम आला, पोरगी रडून घर डोक्यावर घेती म्हणून हसत होता, डोळे मात्र भरलेले. माझ्या हातात नारळ ठेवला. मी सवयीनं देवघराकडे वळलो आणि दारातच थांबलो. हा नारळ माझा नव्हे. पत्रासोबत पार्सलातून तोच पाठवतोय, तुझा आहे. एकटा फोडू नकोस. घेऊन घरी ये, तुझं ताट वाढून ठेवतो.

तुझाच,
नाना