अप्पांचं एकच क्रियापद

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी पिटुकली सुट्टीत सातासमुद्रापलीकडून इकडे येणार, तीही एकटी, हे अप्पांना वाचून दाखवल्यापासून घरात नुसती धांदल आहे. नातीला मराठी येत नाही, तर आपणच तिची भाषा शिकावी असं म्हातारबुवांनी मनावर घेतलंय. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे रोज दुपारी इंग्रजी शिकायला जातात, केसबीस नीट विंचरून, खिशात पेन्सिल खोचून.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना विचारलं, की मी जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर म्हणून जे केलं त्याला इंग्रजीत काय म्हणतात. बाईंनी बराच विचार करून सांगितलं, कन्कॉक्ट. चार गोष्टी मिसळून नवं काही बनवणं किंवा मनानं काही रचून सांगणं, दोन्हीला चालतं. अप्पा हरखलेच. दिवसा औषधं आणि संध्याकाळी पोरांना गोष्टी, म्हणजे माझा सगळा जन्म या एका शब्दात मावला, असं घरी येऊन मला म्हणाले. तेव्हापासून दुसऱ्या क्रियापदाला घरात थारा नाही. ते चहा कन्कॉक्ट करतात, अंथरूण कन्कॉक्ट करतात, काल दाराची कडी लावली तीही कन्कॉक्ट करूनच. दूधवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, की अप्पांची तब्येत बरी आहे ना.

एकेका डोसाची खूण म्हणून औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या दातेरी पट्ट्या आपण कातरायचो, आठवतं का रे? तुझे दाते नेहमी वाकडे. अप्पा कधी रागावले नाहीत, तुझी पट्टी तेवढी गुपचूप आपल्या घरच्या बाटलीला लावायचे. या वयात तसलंच काहीबाही फार आठवतं.

सौ.ला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव, आणि उत्तराला आळस करू नकोस.

तुझी
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दूधवाल्याचं वाचून हसता हसता पुरेवाट झाली. पट्ट्या आठवतात तर! अप्पा घरी आले की त्यांच्या शर्टाला दवाखान्याचा वास यायचा आणि मी त्यांच्या पोटाला नाक लावून उभा राहायचो. त्यांचं ते खोकल्याचं लाल औषध किती जहाल होतं, पण प्रत्येक घोटाबरोबर गोष्टीचा एक तुकडा मिळायचा. खोकला गेला तरी मी खोकत राहायचो. आता लिफ्ट दुरुस्त करायला कुठल्या इस्पितळात गेलो आणि तसला वास आला, की हातातला पाना हातातच राहतो.

पण ताई, एक काळजी आहे. रोजच्या इंग्रजीत तो शब्द असा कोणी कुठेही वापरत नाही. आमच्याकडे कामाला दांडी मारून कोणी थाप मारली, की त्यानं सबब कन्कॉक्ट केली म्हणतात. पिटुकली तोंडाची फटकळ आहे. माझ्या उच्चारांना तर ती रोजच हसते. अप्पांच्या कन्कॉक्ट केलेल्या अंथरुणाला फिदीफिदी हसली तर त्यांना किती लागेल. तू गोडीगुलाबीनं त्यांचं ते क्रियापद सोडव. कशी आहेस, भूक लागली का, एवढी साधी वाक्यं पाठ झाली तरी पुष्कळ. उगाच शोभा नको.

ती. अप्पांना शि. सा. न. लोभाला कधी उणं पडू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा अप्पा माझ्या शिलाईयंत्राजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तुझं प्रत्येक पत्र मी फोडते आणि थेट मोठ्यानं वाचते, आधी डोळ्यांखालून घालत नाही, हे तुला ठाऊक नाही का? ‘उगाच शोभा नको’ इथपर्यंत मी वाचून मोकळी झाले. जीभ मागे घेता येत नाही रे.

अप्पांनी खिशातली पेन्सिल काढून कुठंशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून बाईंकडे जाणं बंद. मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, की पोर आली की मी गप्प बसेन, म्हाताऱ्या माणसाला गप्प बसणं शोभतं. आपल्या अप्पांनी, धाकट्या! मला तुझा भयंकर राग आला आहे, आणि तो या पत्रात मावत नाही म्हणून इथेच थांबते.

राग उतरेल, लोभ उतरायचा नाही.

ताई

१४ मार्च

ती. ताईस आणि ती. अप्पांना सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र मुद्दाम मोठ्यानं वाच.

अप्पा, माझं चुकलं. ताईच्या पत्रातलं तुमचं सगळं मी पिटुकलीला सांगितलं. ती हसली नाही. उलट रात्री जेवताना रडायला लागली, की मला जायचंच नाही. का, तर तिला मराठीचा एक शब्द बोलता येत नाही आणि आजोबा तिला हसतील. तिची आई समजूत घालून थकली. मी तिला सांगितलं आहे, की आजोबा हसणार नाहीत. अप्पा, मी शब्द देऊन बसलो आहे. तिकीटही काढलं आहे. बाकी तुमच्या हाती.

तुम्हां दोघांच्या मायेचा भुकेला,
धाकटा

२ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र ऐकून अप्पांनी त्याच दुपारी पेन्सिल शोधली, हे मागे कळवलंच होतं. पोर सुखरूप पोचली. पहिले दोन दिवस दोघं एकमेकांकडे चोरून बघत होती. तिसऱ्या दिवशी अप्पांनी घसा साफ केला आणि एका गोष्टीचं पहिलं वाक्य इंग्रजीत टाकलं. त्यात ते क्रियापद तीनदा होतं. आणि पिटुकली हसली. चांगली खो-खो हसली. माझ्या बोटात सुई गेली. अप्पा थांबले. कडू औषध पोराच्या घशाखाली उतरेपर्यंत थांबावं तसे शांतपणे थांबले, आणि तिचं हसू संपल्यावर दुसरं वाक्य सुरू केलं.

तेव्हापासून रोज दुपारी तीच गोष्ट पुढे चालली. ती शब्द सुधारून द्यायची, ते पुढचं रचायचे. मी यंत्रावर बसून कान द्यायची, पण माझं इंग्रजी कापडाच्या लेबलापुरतं. परवा गोष्ट संपली तेव्हा दोघांचे डोळे भरले होते आणि मी बघत बसले. खरं सांगते, मला हेवा वाटला. काल मी अप्पांना म्हटलं, की मलाही सांगा ना, मराठीत. तर म्हणाले, की ती मी इंग्रजीतच रचली, मराठीत माझ्याकडे नाही, पोरीला विचार.

म्हणून आता मी तिच्यापुढे बसते. ती एकेक वस्तू दाखवून मला शब्द विचारते आणि गोष्ट पुढे सरकवते. अजून सुरुवातच आहे. पण ‘आणि मग’ एवढं तिला आलंय.

सुट्टी वाढवता येते का ते बघ. लोभ तर आहेच.

तुझी
ताई