फक्कीच्या रेघा

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी नक्की काय काम करते, असं तू विचारलंस. इथे दोन इमारतींच्या मधे राडारोड्याने भरलेली एक जागा आहे. तिथे मुलांसाठी मैदान करायचं, तेही रहिवाशांनी आपल्या हातांनी. त्यांना गोळा करायचं काम माझं. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी राडारोडा उचलायला मात्र मी आणि निवृत्त पोस्टमन, दोघंच. त्यांचीही कंबर धरलेली.

आमच्या ऑफिसचे साहेब म्हणतात, मार्चअखेर लोक उतरले नाहीत तर जागा पार्किंगला जाईल. माझं कशात लक्ष लागत नाही. मी वाक्यावाक्याला ‘आपलं मैदान’ म्हणते, आणि हे लोक जिन्यात भेटले की विचारतात, तुमच्या मैदानाचं कुठवर आलं? त्या ‘तुमच्या’ने डोकं उठतं.

मी वेळेवर जेवते असं आईला सांग, खरं नसलं तरी.

तुझ्या लोभाला सोकावलेली,
भाची

१६ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इस्त्री करता करता वाचलं, एका गिऱ्हाइकाची कॉलर थोडक्यात वाचली. घरातली पहिली पदवीधर दगडं उचलते हे ऐकून तुझ्या वडिलांनी तुझं पदवीचं प्रमाणपत्र काढून पुन्हा पुसून ठेवलं. इथल्या शाळेत जागा निघाली आहे. तू अर्ज करावास असं तुझ्या आईचं म्हणणं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही.

एक विचारते. लोकांच्या घरी जातेस तेव्हा बसतेस का? आमच्याकडे तू कायम दारात उभी राहून अर्धा चहा प्यायचीस.

रागावलीस तरी लिहीत जा.
तुझी मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अर्जाचं नंतर बघू. इथे वेगळंच सुरू झालंय. लोकांना डोळ्यांसमोर दिसावं म्हणून मी जमिनीवर फक्कीने आराखडा आखला. झोपाळा कोपऱ्यातल्या झाडाखाली. सकाळी बघते तर झोपाळ्याच्या रेघा कुणीतरी पायाने पुसलेल्या. मी पुन्हा आखल्या, पुन्हा पुसल्या. आता मी पहाऱ्याला बसायच्या बेतात आहे. मदतीला यायचं नाही ते नाही, वर हा आगाऊपणा!

चिडलेली,
भाची

९ मार्च

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

अगं, रेघ पुसायला का होईना, कुणीतरी जिना उतरलं ना? पहारा कसला देतेस, चोर धरायचाय का? पुसणाऱ्याला विचार, झोपाळा कुठे हवाय.

अर्जाची मुदत संपत आलीय, ते मी लिहिणार नव्हते.
मावशी

३० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चोर सापडला. पहिल्या मजल्यावरच्या शिलाईकाकू. मशीनवर बसल्या बसल्या मुलगी दिसावी म्हणून त्यांना झोपाळा खिडकीखाली हवा होता. मी त्यांच्याकडे बसले, चहा पूर्ण प्यायले आणि फक्कीची पिशवी त्यांनाच देऊन टाकली. मग काय विचारतेस! पोस्टमनना दुपारच्या झोपेचं पडलं, वरच्या मजल्याला धुळीचं. गॅलऱ्यांतून भांडण पेटलं आणि भांडता भांडता सगळे खाली आले, येताना घमेली घेऊन. मार्च संपायच्या आत जागा मोकळी झाली, खांब उभे राहिले. पार्किंगचा विषय साहेबांनी सोडला.

घसरगुंडीचं तोंड उन्हाकडे होतंय म्हणून मी मधे बोलले, तर शिलाईकाकू म्हणाल्या, आमच्या मैदानाचं आम्ही बघतो, तुम्ही दमलात, बसा. आपलं नव्हे गं, आमचं. हेच तर मला हवं होतं, आणि दोन दिवस माझं जेवणावर मन नाही.

काल मैदान सुरू झालं. मला ऑफिसच्या शिपायाकडून कळलं. गेले, झोपाळ्याच्या रांगेत उभी राहिले. मागच्याने अंक मोजायचे, ते संपले की उतरायचं, असा नियम मुलांनीच केलाय. माझ्या मागे काकूंची मुलगी होती. तिने माझे अंक भराभर मोजले. मी मुकाट्याने उतरले.

अर्ज केला नाही. सोमवारपासून पुलापलीकडची वस्ती. आईला तूच समजाव.

तुझा लोभ तिकडेही पोचू दे.
भाची