हळदीचं पोतं बसवून पाह्यलं

कोमल,

मी कळमनुरीच्या बाजाराला चालले. पाचपर्यंत येते. भाकरी टोपल्यात हायेत, वरण गरम करून घे.

काल तुझा नकाशा चुलीत घालीन म्हणले. घातला न्हाई, कपाटावर हाय. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत पोरगी पायी जाणार, अन् नदी लागली की पाठीवरची नाव फुगवून तिच्यात बसणार, हे मला खरंच वाटंना. म्हणून तू ड्यूटीला गेल्यावर नाव बाहेर काढली. तीन किलोची म्हणत होतीस, हळदीच्या काट्यावर ठेवली. बराबर तीन भरली.

मग शेततळ्यावर नेऊन तोंडानं फुगवली. दम लागला. आत पोतं ठेवून तुझ्या वजनाएवढी हळद टोपल्यानं भरली अन् दोर धरून सोडली. बुडली न्हाई. आतून पिवळी झाली, तेवढी धू.

मग मी सोता बसले. मला पवता येत न्हाई, म्हणून दोराचं एक टोक कमरेला अन् दुसरं लिंबाला बांधलं. लई हलकं वाटलं गं. उतरावंच वाटंना. पर कितीबी वल्हं मारलं तरी नाव समोर जाईना, एकाच जागी गोल गोल फिरून राहिली. असं काहून होतं?

मी बाजारातून आले की, आबा यायच्या आत तळ्यावर ये अन् मला दाखव. आबाला तुझ्या जाण्याचं मीच सांगणार हाय. पर आधी मला समोर जाता आलं पाह्यजे.

आई